खोलीत दुसरं कोणी नको

"शुभे, पाय लई कापतोय तुझा," टेबलाखालून मंगल कुजबुजली.

"आये, गप. ऐकू जाईल."

लॅपटॉपवरच्या मुलाखतीच्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको, असा शुभांगीनं अर्ज केलेल्या परदेशातल्या विद्यापीठाचा नियम होता. कोणी दिसलं की अर्ज बाद. पण एकटीनं बसायला शुभांगी धजेना, आणि शेवटी तिनं आईलाच टेबलाखाली बसवून वरून चादर सोडली. खोली वेल्ह्याच्या बाजारातली, मोबाईलच्या दुकानामागची. त्यांच्या गावात रेंजच नव्हती.

आयटीआयच्या वेल्डर पोरीला परदेशात विचारतंय कोण, असं तिच्या भोरच्या कॉलेजात सगळेच म्हणत. अख्ख्या कॉलेजातून मुलाखतीपर्यंत पोचलेली ती एकटीच. आता इथं दातखीळ बसली की संपलं.

पडद्यावर गोरी बाई आली, हसली. तिनं लॅपटॉप खोलीभर फिरवायला लावला. भिंती, खिडकी, बंद दार सगळं पाहिलं. चादर वर करायला मात्र सांगितलं नाही. मग इंग्रजीत पहिला प्रश्न आला, वेल्डिंगच का निवडलं?

उत्तर पाठ होतं. महिनाभर शुभांगीनं घरात वेल्डिंग का, परदेशात एकटी राहशील का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मोठमोठ्यानं घोकली होती. इतकी, की भाकरी थापता थापता मंगललाही ती येऊ लागली होती. कशाचा काय अर्थ, तेही ती लेकीला खोदून खोदून विचारायची. पण आत्ता शुभांगीनं तोंड उघडलं आणि आतून काही येईचना. बाईनं पेन उचललं.

"आय लाइक वर्किंग विथ आयर्न," टेबलाखालून आवाज आला.

बाईचं हसू गेलं. "तिथं कोण आहे?"

कोणी नाही, म्हणून टाकावं असं शुभांगीला वाटलं. तेवढ्यात चादर हलली आणि मंगल स्वतःच बाहेर आली. केसांत जळमटं, चेहरा पांढराफटक. पडद्यापुढे तिनं हात जोडले.

"बाद करू नगा वो तिला. तिनं न्हाई बोलावलं. म्याच घुसले."

"काय म्हणाल्या त्या?" बाईनं विचारलं.

"माझी आई आहे," शुभांगी इंग्रजीत म्हणाली. "ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. मला भीती वाटली, म्हणून मीच तिला बसवलं." यातलं एकही वाक्य तिनं पाठ केलेलं नव्हतं.

बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. झालं, घालवलं सगळं, शुभांगीच्या मनात आलं. बाहेर एसटी मागं घेताना कंडक्टर बेल मारत होता, तीही तिला नकोशी झाली.

"घरी आणखी कोण असतं?" बाईनं विचारलं.

"आम्ही दोघीच."

"मग तू इकडे आलीस तर त्यांचं कसं होईल? त्यांनाच विचार."

शुभांगी विचारेना. मंगलनं तिला कोपरानं ढोसलं. "काय म्हनती? केलं का बाद?"

"न्हाई. इचारतीया, मी गेल्यावर तुझं कसं व्हनार."

दिवस मावळला की दाराला आतून कडी घालून वर मुसळ टेकवणारी ही मंगल. लेक शेजारी असल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. तिनं पदर सारखा केला, लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवला, आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाली,

"आय कॅन लिव्ह अलोन."