जीव न जडलेली जागा

मंगळावरच्या दोन्ही वसाहतींचा मिळून एक देश झाला आणि राजधानीची जागा ठरवायला नेमलेल्या यंत्राने शरयूताईंचं ओसाडीतलं हवामान केंद्र निवडलं. तिथे त्या बारा वर्षं एकट्याच राहत होत्या. आता शेजार येणार म्हणून त्यांनी हौसेने सगळे कप घासून ठेवले.

जागेच्या मोजणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, "एवढ्या ग्रहावर हीच जागा कशी हो आवडली?"

"आवडली नाही, ताई. भांडण नको म्हणून यंत्राने प्रत्येकाचं मन तपासलं. कुणाचाच जीव जडलेला नाही, अशी राहण्याजोगी ही एकच जागा निघाली."

"माझंही तपासलं?"

"सगळ्यांचंच."

शरयूताईंनी खोलीभर नजर फिरवली. यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सावकाश मोजा."