मंगळवारची रांग

रांगेत पुढं चार माणसं होती आणि मागून आवाज आला, "अरे मुकुल, तू इथं?"

झालं! मुकुलनं हातातलं कार्ड पटकन खिशात सरकवलं. बेकारभत्ता घेताना कुणी ओळखीचं दिसू नये, म्हणून तर त्यानं घराजवळचं सिटीवेस्टचं पोस्ट सोडून अर्ध्या तासावरच्या नेस गावातलं निवडलं होतं. दर मंगळवारी यायचं, कार्ड दाखवायचं, सही करून पैसे घ्यायचे. सात महिने बिनबोभाट चाललं होतं. आणि आता मागं उभे कोण, तर रविकांतकाका! गणपतीत ढोलकी वाजवणारे, मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. म्हणजे उद्या सगळ्या डब्लिनला बातमी.

"पार्सल टाकायचं होतं," मुकुल म्हणाला. हातात पार्सल नव्हतं.

"मला तिकीट हवंय," काका म्हणाले. त्यांच्या हातातही पत्र नव्हतं.

पुढच्या मंगळवारी काका पुन्हा हजर. पुन्हा एकच तिकीट. तिसऱ्या मंगळवारी मुकुलच्या डोक्यात प्रकाश पडला. नोकरीवाला माणूस सकाळी अकराला परगावच्या पोस्टात कशाला येईल? अरेरे, काकांचीही गेली की! छप्पन वर्षांचं वय, डिसेंबरात मुलीचं, श्रावणीचं लग्न. काका नोकरी कुठं करतात, हे मंडळात कधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग पोस्टाशेजारी कॉफी सुरू झाली. खऱ्या विषयाला दोघंही हात लावत नसत.

"औषध कंपन्यांच्या सिस्टिम्स शिकायला फार वेळ लागतो का रे?" काका एकदा सहज विचारावं तसं म्हणाले. "म्हणजे तुमच्यासारख्या बँकेच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्याला?"

बिचारे इंटरव्ह्यूची तयारी करतायत, माझं नाव नुसतं पुढं करतायत, मुकुलला वाटलं. स्वतःच्या अर्जांसाठी वाचलेलं सगळं त्यानं कागदी रुमालावर आकृत्या काढून समजावलं. काकांनी तो रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवला. ते बघून मुकुलला भरून आलं.

"काही सांगायचं असेल तर सांग हं," काका म्हणाले.

"तुम्हीपण सांगा, काका."

दोघंही कॉफी ढवळत बसले.

घरी बायकोची, निधीची फाइल जाडजूड झाली होती. मुकुल नोकरी शोधतोय याचे पुरावे सरकारी ऑफिसात दाखवावे लागत, म्हणून प्रत्येक अर्ज आणि प्रत्येक नकार ती छापून लावून ठेवायची.

"दोन महिन्यांत भत्ता बंद," ती म्हणाली. "मग काय, सामान बांधून नागपूर? कुणाशी तरी बोल ना रे. मंडळात एवढी माणसं आहेत."

"लोकांपुढं हात पसरू?"

निधीनं फाइल मिटून कपाटात ठेवली. काकांचं मुकुलनं तिलाही सांगितलं नाही. दुसऱ्याची लाज आपण कशी उघडी करायची?

आणि अचानक नशीब उघडलं. ईफा नावाची, नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीची बाई मागं लागली, एका औषध कंपनीत जागा आहे म्हणून. कंपनीचं नाव ऑफर देतानाच सांगणार. इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्या एजन्सीतच झकास झाल्या. "ग्रँड!" ईफा म्हणाली. "आता फक्त मॅनेजरची भेट, तीही नावापुरती." निधीनं शिरा केला. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

मंगळवारी काकांनी विचारलं, "काय रे, काही नवीन?"

मुकुलच्या अगदी ओठांवर आलं होतं. औषध कंपनी, म्हणणार एवढ्यात तो चपापला. औषध कंपनी! काकांची ती चौकशी, तो जपून ठेवलेला रुमाल. म्हणजे काकाही याच जागेसाठी धडपडत होते आणि तो त्यांच्याच तोंडचा घास काढत होता.

"नाही, काही नाही," तो म्हणाला.

काकांचा चेहरा एवढासा झाला. मुकुलला ते बघवेना.

संध्याकाळी त्यानं ईफाला मेल लिहिली. मी माघार घेतोय. तुमच्या यादीत रविकांत दाबके असतील, त्यांना घ्या, माझ्यापेक्षा लाखपट चांगला माणूस आहे. आपण चौतिशीत, त्यानं मनाशी म्हटलं, रिंगास्किडी गावातल्या कंपनीचा इंटरव्ह्यू अजून व्हायचाय, काहीतरी होईलच. काकांना या वयात कोण विचारणार? बटण दाबताना निधी डोळ्यांपुढं आली. तरी त्यानं दाबलं.

दोन दिवसांनी ईफाचा फोन आला.

"तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आज सकाळी दुसऱ्या उमेदवाराची सही घेतली. पण मेलमध्ये ते काय लिहिलंत? मला काही कळलंच नाही."

"रविकांत दाबके," मुकुल म्हणाला. "त्यांना मिळाली ना नोकरी?"

ईफानं नाव पुन्हा विचारून खात्री केली.

"ते या जागेचे मॅनेजर आहेत, मुकुल. तुमची नोकरी गेल्याचं तुमच्या बायकोनं त्यांना सांगितल्यापासून ती जागा त्यांनी तुमच्यासाठीच अडवून धरली होती."