उंदराच्या कानात

"काकू, तुम्ही फक्त मागं बसा. मैदान मी मारतो."

धनंजय ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होता. सुमतीबाई समोर वाती वळत होत्या. गावातल्या गणेशोत्सवाच्या नाटकांना वर्षानुवर्षं त्याच प्रॉम्प्टिंग करत. पडद्याआड स्टुलावर बसून, दबक्या आवाजात. धनंजय गावचा हिरो. त्याचं पाठांतर शून्य, पण कान तयार. पडद्याआडून शब्द निघाला, की लगेच त्याच्या तोंडून गरजत बाहेर पडे. मध्ये विचाराला जागाच नसे.

"नाटकाची गोष्ट वेगळी, काकू. तिथं मुकुट घातला की मी मी नसतो. इथं मले धनंजय म्हणून उभं राहा लागते. अन् पाठ तर एक ओळ होत नाई."

"कागद घे नं हातात."

"कागद पाहून बोलणाऱ्याले साहेब तिकीट देत नाईत. जिल्हा परिषदेचं तिकीट हाय, काकू. ह्या एका भाषणावर सगळं हाय."

आतून चारुता आली. सुमतीबाईंची मुलगी. तिनं रिकामा कप उचलला.

"कशी हायस चारुता?"

"ब-ब-बरी."

धनंजयला हसू आलं. ते त्यानं बशीमागे लपवलं.

कॉलेजात असताना चारुताला गावच्या नाटकात भालदाराचं एकच वाक्य मिळालं होतं. 'महाराज, शत्रू वेशीपाशी आला.' ती 'म'वर अडली. सिंहासनावर बसलेला धनंजय उठला, भालदारासारखा वाकला आणि 'म-म-म' करत तिची हुबेहूब नक्कल केली. मंडप हशानं फुटला. वन्स मोअर आला, तोही त्यानं दिला. पुढे ती नक्कल गावाचीच झाली, पानठेल्यावर आणि सेलूच्या बसमध्येसुद्धा. चारुतानं डी.एड. सोडलं. लोकांत बोलणं सोडलं. बोलायची ती फक्त देवळात, गणपतीपुढच्या दगडी उंदराशी. रीत असते तशी, त्याचा एक कान तळहातानं झाकायची, म्हणजे सांगितलेलं तिकडून निसटत नाही, आणि दुसऱ्या कानाला तोंड लावायची. पुष्कळ वेळ तिचे ओठ हलत राहत.

"जुनं काही मनात नाई ना, काकू? हसी-मजाक होता तो."

"मी कोण मनात ठेवणारी, बाबू? ठेवायचं ते गणपती ठेवते."

धनंजय निर्धास्त होऊन गेला. वर्ध्याच्या एका प्राध्यापकाकडून लिहून आणलेलं भाषण ओट्यावर होतं. चारुतानं ते उचललं आणि दिवा लावायच्या वेळेपर्यंत वाचत बसली.

सभा गुरुवारची होती. साहेबांचा दौरा एक दिवस पुढे सरकला आणि ती शुक्रवारी आली, संकष्टीला. दर संकष्टीला सुमतीबाईंचं चंद्रोदयापर्यंत मौन असे. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. धनंजयच्या ते ध्यानात आलं संध्याकाळी, स्टेजच्या मागे, सुमतीबाईंनी हात जोडून दाखवले तेव्हा.

"काकू, आजच्या दिवस! देव समजून घेते!"

सुमतीबाईंनी मान हलवली.

"मी ब-ब-बसू?" चारुता म्हणाली.

"तू?" धनंजयनं कपाळावर हात मारला. "तू जय हिंद म्हणशीन तवापर्यंत पुढची इलेक्शन येईन!"

चारुता पुढे झाली. तिनं त्याचा एक कान तळहातानं झाकला, दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. धनंजय तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"बस," तो म्हणाला. "पण शेवटपर्यंत असंच पाह्यजे."

चारुतानं मान डोलावली. सुमतीबाई माळ घेऊन पुढे बायांमध्ये जाऊन बसल्या.

धनंजय माइकसमोर आला. पहिली वाक्यं झकास गेली. आवाजाला धार होती, हात योग्य जागी उठत होते. टाळ्या पडल्या. साहेब शेजारी बसलेल्या गावच्या सरपंचांकडे, रूपरावजींकडे वळून काही चांगलं बोलले असावेत.

"आणि म्हणून," धनंजय गरजला, "माझ्या मा-मा-मा..."

तो थांबला. घाम पुसला. पडद्याकडे कान केला.

"मा-मा-मायबाप श-श-श..."

मागच्या पोरांनी शिट्टी मारली. "अरे, चारुताची नक्कल! वन्स मोअर!"

हशा उसळला. धनंजय पुढचं वाक्य स्वतः शोधू लागला. डोक्यात काहीच नव्हतं. कानात होतं तेवढंच.

"श-श-शेतकरी ब-ब-बंधूंनो..."

साहेबांनी विचारलं, "काय करून राह्यला हा?"

"गावात एक तोतरी पोरगी हाय," रूपरावजी खाली मान घालून म्हणाले. "तिची नक्कल करते. जुनी सवय हाय त्याची."

साहेबांचा चेहरा उतरला. "गरीब पोरीची? भर सभेत? याले नाटकातच ठेवा तुम्ही. दुसरं नाव सांगा."

धनंजय स्टेजवरून उतरला तो थेट पडद्यामागे. चारुता स्टुलापाशी खाली मान घालून उभी होती. भोवती माणसं जमली.

"ही... ही... हि-हिनं..." संतापानं त्याला शब्द सापडेना.

"तिच्यावर काऊन भडकतं?" रूपरावजी मध्ये पडले. "पोरीचं बोलणं कसं हाय, तुले माहीत नव्हतं? सगळ्या गावाले तर तूच शिकवलं."

लोक पुन्हा हसले. चारुतानं हातातले कागद नीट जुळवून त्याच्यासमोर धरले. त्यानं ते घेतले नाहीत.

घरी आल्यावर सुमतीबाईंनी मोदक उकडले. चंद्र दिसला. त्याला अर्घ्य देऊन त्यांनी दिवसभराचं मौन सोडलं.

"मोरया," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून हळूच विचारलं, "स्टेजवर जायच्या आधी त्याच्या कानात काय सांगितलं होतं, बाई?"

चारुतानं आरतीचं ताट खाली ठेवलं. आईचा एक कान तळहातानं झाकला, दुसऱ्या कानाला तोंड लावलं आणि कुजबुजत्या आवाजात धनंजयचं अख्खं भाषण, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या जय हिंदपर्यंत, एकाही अक्षराला न अडखळता म्हणून दाखवलं.