पाचव्या गाण्यातले ठोके

दोघांनीही अल्बम आपलाच असल्याचं लिहून दिलं होतं, म्हणून तो पुन्हा काढणाऱ्या कंपनीने दोघांना एकाच टेबलाशी बसवलं.

गिटारवाला इस्त्रीच्या कोटात आला होता. पडदे शिवणारी बाई कामावरून थेट आली होती, मोजपट्टी अजून गळ्यातच होती. मध्ये बसले होते म्हातारे गणिताचे मास्तर. अल्बमची एकुलती एक धड कॅसेट त्यांच्याकडे निघाली होती, म्हणून निवाडाही त्यांच्यावरच सोपवला होता.

घरातल्या खोलीत टेप लावून केलेली आठ गाणी. तीस वर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि आता पोरं ती शोधत वणवण फिरत होती. कव्हरवर नाव नव्हतं. नव्या आवृत्तीवर ते येणार होतं. बाईला तिथे आपल्या गेलेल्या भावाचं नाव हवं होतं. स्वतःचं खाली, बारीक अक्षरात आलं तरी चाललं असतं.

"गायलाय यांचा भाऊ, मान्य," गिटारवाला म्हणाला. "पण गाणी माझी. रेकॉर्डिंगही माझ्याच घरी. तो नुसता यायचा आणि गाऊन जायचा."

"हेच आमच्याकडे यायचे," बाई म्हणाली. "चहाला."

मास्तरांनी पाचवं गाणं लावलं. मधल्या कडव्यात ठक, ठक असे ठोके आले.

"हे काय आहे?"

"लाकडी खोका. मीच वाजवलाय, मुद्दाम तालाबाहेर," गिटारवाल्याने लगेच सांगितलं. "तेव्हा असं करायची कुणाची छाती नव्हती."

मास्तरांनी मान डोलावली. खरं सांगावं तर हसं होणार, आणि खोटं बोलणं बाईला कधी जमलंच नव्हतं.

"ते आम्ही नाही वाजवलं," ती म्हणाली. "आमच्या घरी माझ्या कीबोर्डमागची भिंत पलीकडच्या इमारतीला लागून होती. तिकडचं कुणीतरी वैतागून भिंत बडवत होतं. मी म्हटलं, पुन्हा करू. भाऊ म्हणाला, राहू दे ताई, माझ्यापेक्षा बरा वाजवतोय."

गिटारवाला खो खो हसला. "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. हातही असतात, हे आज कळलं."

कंपनीचा माणूसही हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला, बाईला भावाचं नाव विचारलं आणि ठळक अक्षरात लिहिलं. शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तिचं लिहिलं.

गिटारवाल्याचा चेहरा उतरला. "अहो मास्तर, पुरावा काय याला?"

"त्या ठोक्यांनंतर दुसऱ्याच आठवड्यात ही कॅसेट कुणीतरी माझ्या दाराखालून आत सरकवली होती," मास्तर पेनाला टोपण लावत म्हणाले. "भिंतीवर काठी मी आपटत होतो. आणि तालाबाहेर अजिबात नव्हतो."