सपाट रेघ

कडी खट्कन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. झोपेतून उठलेली चार वर्षांची लेक आईच्या मांडीत शिरली. ती उठलेली कळावी म्हणून आई हेडफोन गळ्यातच ठेवून, नुसत्या डोळ्यांनी आवाजाचं एडिटिंग उरकायची. आज मात्र आई रडवेली झाली होती. लेक पोटात असताना टिपलेल्या तिच्या हृदयाच्या ठोक्यांची एकुलती एक फाइल चालू होती, आणि पडद्यावर आवाजाच्या लाटांऐवजी नुसती सपाट रेघ!

“गेलंच गं सगळं.”

लेकीने हेडफोन कानाला लावला. “आई, आत घोडा पळतोय!”

म्हणजे आवाज शाबूत होता, भार पडलेल्या संगणकावर त्याचं चित्रच मागे रेंगाळलं होतं. आईने उघडे पडलेले बाकीचे ट्रॅक भराभरा बंद केले. रेघेला टेकड्या फुटल्या.

“अगंबाई! ही बघ तू, माझ्या पोटात!”

लेकीने पहिल्या टेकडीच्या अलीकडच्या सपाट रेघेवर बोट टेकवलं. “मग इथे मी कुठे होते?”