निम्मं ॲसिड

"मामा, तुम्ही रेझिन धुतलंच नाहीत ना?" केमिस्ट वीणाने चार माणसांत खडसावलं. बॉयलरच्या नळीतून निघालेला क्षारांचा पांढरा पापुद्रा तिच्या हातात होता.

पाण्याच्या प्लांटवर वीस वर्षं काढलेल्या पाचपुतेमामांनी तो पापुद्रा बोटाने चाचपून पाहिला. टाकीतले रेझिनचे पिवळे मणी बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातले क्षार शोषून घेतात. त्यांचं पोट भरलं की ॲसिडने धुऊन ते रिकामं करायचं, हे तिला पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं.

मॅनेजर आले. वीणाने तावातावाने रजिस्टर उघडलं आणि तिची कानशिलं तापली. 'ॲसिड वाचवा, निम्मंच घ्या.' अक्षर तिचंच होतं. "मॅडम, निम्म्यात मणी धुऊन निघायचे नाहीत," असं मामा तेव्हा म्हणाले होते. "मला शिकवू नका," तिने सुनावलं होतं.

साहेबांनी पाहायच्या आत तिने रजिस्टर मिटलं.

"चूक माझीच झाली, साहेब," मामा म्हणाले. वीणाने रजिस्टर काखेत घट्ट धरलं.

मॅनेजर गेल्यावर मामांनी ॲसिडचं माप उचललं आणि नेहमीच्याच अदबीने विचारलं, "मॅडम, आज पूर्ण घेऊ?"