तुळशीला आलेला गोड वास

सासू धडधाकट असताना तुळशीला पाणी सुनेनं घालायचं, ही कुठली रीत? अनसूयाबाईंना सर्दी काय झाली, शलाकानं तांब्याच ताब्यात घेतला. वर घरभर उदबत्त्यांचा धूर. घराची मालकीण बदलली की काय?

आज नाक मोकळं होताच त्या तिच्या आधी उठल्या, अंगणात जाऊन तुळशीपाशी वाकल्या. वास लवंगेसारखा हवा होता. आला तो व्हॅनिलाचा, आइस्क्रीमसारखा.

आरोग्य केंद्रानं घरोघरी दिलेली ही तुळस माणसाचा श्वास ओळखायची. रक्तात बिघाड असला, की पानातलं लवंगेचं द्रव्य तिथल्या तिथे व्हॅनिलात बदलायचं. शेजारचे परशुरामभाऊ त्या वासामुळेच वेळेत दवाखान्यात पोचले होते.

मागून शलाका धावत आली.

"वाक इथं," अनसूयाबाई म्हणाल्या.

ती वाकली. हळूहळू लवंगेचा वास परतला. मग त्या स्वतः वाकल्या. पुन्हा तेच आइस्क्रीम.

"तुमचं नाक बंद होतं तेव्हाच मला कळलं, आई," शलाका रडवेली झाली. "नातवाचं बारसं तोंडावर आलंय. तेवढं तुमच्या हौसेनं होऊ दे म्हटलं, मग सांगणार होते."

अनसूयाबाईंनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"आजार माझा, तुळस माझी, आणि वेळ तू ठरवणार? बारशात पाळणा मला म्हणायचाय, त्याला छातीत दम लागतो. मी पाणी घालते, तोवर त्या उदबत्त्या विझव आणि रिक्षा बोलाव."